गालावरची पावडर

आमच्या नात्यात कुणी ओल्या हातानं फोटो उचलला, की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "आत्यासारखं करू नकोस हं." पोरं हसतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या बहिणीला धड पाहिलेलंही नाही. त्यांना गोष्ट माहीत आहे ती अशी : आत्याची लेक गेली, दादांनी, म्हणजे मी, तिचा मोठा फोटो स्वतः घरच्या मशीनवर छापून नेला, पाणी लावू नकोस म्हणून आत्याला बजावून सांगितलं, तरीही आत्यानं ओला पदर फिरवून तो पुसून टाकला.

यातलं बजावून सांगितल्याचं तेवढं खोटं आहे. ते खोटं मी बोललो आहे. बहीण आता नाही. मीही फार दिवसांचा नाही. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतो.

पलटणीत मी क्लार्क होतो. टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, शाईचे डाग पडलेली बोटं यात माझी नोकरी गेली. निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मला आणून दिला. सोबत एक छोटा रंगीत प्रिंटर. बटण दाबलं की करकर आवाज करत तो कागद ओढायचा आणि ओळीओळीनं चित्र बाहेर सोडायचा. मी खुर्ची ओढून समोर बसायचो आणि पूर्ण कागद बाहेर येईपर्यंत हलायचो नाही. आमच्या आळीत असं मशीन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. हळदीकुंकवाची आमंत्रणं, दारावरच्या पाट्या, पोरांची शाळेची वेळापत्रकं, सगळी माझ्याकडं यायची. मला ते फार आवडायचं, हेही लिहायला हवं.

कागदाचं मला काही कळत नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेले साधे कागद घालायचो. अक्षरं बरी यायची, पण चित्र मोठं असलं की कागद शाई पिऊन ओला व्हायचा, पापडासारखा वेडावाकडा व्हायचा आणि रंग कडेला फुटायचे. राजपथावरच्या स्टेशनरीवाल्यानं मला कागदांतले फरक दाखवले. एक जाडसर, पांढराफेक, हाताला पिठूळ लागणारा. त्याच्यावर शाई पसरत नाही. दुसरा फोटोचा कागद, एका बाजूनं गुळगुळीत चकचकीत. त्याच्या पाकिटात थोडेच कागद यायचे, आणि तेही पुण्याहून मागवावे लागायचे.

त्याच सुमारास बहीण आणि दाजी साताऱ्याला आले.

बहीण माझ्याहून बरीच लहान. तिला पलूसजवळच्या एका गावात दिली होती. घरचा ऊस, दोन म्हशी, बरं चाललेलं. लेक एकच. बारावी होऊन तिनं कॉलेजात नाव घातलं आणि आदल्या पावसाळ्यात काविळीनं गेली. तिला जाऊन वर्ष भरत आलं होतं. बहिणीनं बांगड्यांच्या पेटीतून एक फोटो काढून माझ्या हातावर ठेवला. परीक्षेच्या फॉर्मला काढलेला, टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढा. दोन वेण्या, निळी ओढणी, आणि चेहऱ्यावर पावडर. पोरगी सावळी होती. तिला ते टोचायचं. कॉलेजला निघताना पावडर थापायची आणि बहीण दारात अडवून पदराचं टोक ओलं करून तिचे गाल पुसायची. "आगं, पिठाच्या गिरणीतनं आलीस का?" हे वाक्य मी स्वतः कितीदा ऐकलंय.

"दादा, तुझ्या मशीनवर हिला मोठी करशील?" बहीण म्हणाली.

दाजी संकोचानं म्हणाले, "पाव्हणं, पलूसचा फोटूवाला देतो म्हणतोय करून. तुमाला कशाला तरास?"

"घरात मशीन असताना फोटोवाला कशाला?" मी म्हणालो. "ह्याच्यापेक्षा झकास करतो का नाही बघा."

बहिणीला तो फोटो का हवा होता, ते सांगायला हवं. त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीवर ओळीनं फोटो आहेत. सासरे, चुलत सासरे, लढाईत गेलेला एक दीर. सासूचं म्हणणं, बिनलग्नाच्या पोरीचं वर्षश्राद्ध नसतं आणि तिचा फोटो थोरांच्या ओळीत लागत नाही. बहीण कधी सासूला उलटून बोलली नव्हती. या एका गोष्टीवर मात्र अडून बसली. म्हणाली, "वरीस घालणार. आन् फोटू वळीतच लावणार." शेवटी दाजींनी आईची समजूत काढली. म्हणजे त्या फोटोवर बहिणीची वर्षभराची सगळी लढाई उभी होती, आणि मला ते ठाऊक होतं.

कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये जाऊन मी तो फोटो स्कॅन करून फ्लॉपीवर घेतला. मूळ फोटो बहिणीला परत पाठवला. फोटोच्या कागदाचं पाकीट आणलं. ते भाचीसाठीच आणलं होतं.

पहिला कागद उलटा घातला. चकचकीत बाजू खाली गेली, आणि मागच्या बाजूवर शाईची थारोळी झाली. तो वाया गेला. मग वाटलं, हात बसायला आधी दुसरं काहीतरी छापून बघावं. माझाच वर्दीतला एक जुना फोटो स्कॅन करून आणला होता, तो छापला. सुंदर आला. छातीवरच्या फितीचा रंग जरा वेगळा वाटला म्हणून पुन्हा छापला. माजी सैनिकांच्या बैठकीत तो दाखवला, तर एकानं स्वतःचा मागितला. त्याला नाही कसं म्हणायचं? मग नातवाच्या जावळाचा. प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचो, भाचीचं अजून लांब आहे, दुसरं पाकीट आणू.

दुसरं पाकीट पुण्याहून आलंच नाही. "उद्या येईल, दादा," असं स्टेशनरीवाला रोज म्हणत राहिला. वर्षश्राद्धाला निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं फोटोचा एकही कागद नव्हता.

लग्नपत्रिका छापणारा एक स्नेही होता. त्याच्याकडं गेलो. तिथं कोपऱ्यात आर्ट पेपर पडलेला, दोन्ही बाजूंनी आरशासारखा चकचकीत. मी म्हणालो, "हाच की फोटोचा कागद."

तो हसायला लागला. "आवं दादा, ह्यो आमच्या मशीनचा. तुमची शाई म्हंजे रंगाचं पाणी. ह्यात जिरायची न्हाई ती, वरच बसंल."

"वाळेल की हळूहळू."

"वाळंल, न्हाईतर माझ्या नावानं शिव्या द्याल," तो म्हणाला आणि दोन कागद गुंडाळून दिले.

दुपारी छापला. असा फोटो मी त्या मशीनमधून कधी काढला नव्हता. रंग वरच राहिल्यामुळं ते झळझळत होते. भाचीचे डोळे तर असे, की बायको स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. मी कागद पंख्याखाली ठेवला. श्रावणातली हवा, भिंतीसुद्धा ओल धरलेल्या. थोड्या वेळानं लाइट गेली आणि पंखा थांबला. संध्याकाळी कोपऱ्याला बोट लावून पाहिलं, तर बोटाला निळा रंग आला.

पलटणीत ओल्या शाईवर आम्ही खडूची भुकटी भुरभुरायचो. वरची ओल भुकटी ओढून घ्यायची आणि गठ्ठा लगेच बांधता यायचा. ते आठवलं. घरात खडू नव्हता. बायकोचा पावडरचा डबा घेतला आणि फोटोवर हलक्या हातानं पावडर शिंपडली.

"फोटूला पावडर?" बायको म्हणाली. "लग्नाला न्यायचा हाय का?"

"गप. तुला ह्यातलं काय कळतं?"

मग दाढीच्या मऊ ब्रशनं पावडर झाडली. सगळीकडची निघाली. डाव्या गालावर मात्र, जिथं रंग जास्त साचला होता, तिथं पांढरट झाक राहिली. ब्रश जरा जोरानं फिरवला तर ब्रशच्या केसांना तपकिरी रंग लागला. तेव्हाच मला कळलं होतं, की हा चेहरा कागदावर बसलेला नाही, नुसता ठेवलेला आहे. तसाच पुठ्ठ्याच्या फायलीत घातला. म्हटलं, पलूसला उतरलो की आधी काच घालून घेऊ. एकदा काचेआड गेला की कुणाला काय कळतंय?

दुसऱ्या दिवशी बायको आणि मी निघालो; कऱ्हाडला एसटी बदलली, ती रस्त्यात पंक्चर झाली. पलूसला पोचायला इतका उशीर झाला की काचेच्या दुकानाकडं न वळता थेट गावी गेलो. घर माणसांनी भरलेलं. चौरंग मांडून ठेवला होता. फक्त फोटोची वाट बघत होते.

बहीण चुलीपासून उठून आली. मी फाइल उघडली.

तिनं दोन्ही हातांनी कागद धरला. मग म्हणाली, "आलीस व्हय गं?" बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. इतक्यात बहिणीची नजर गालावर गेली. आणि ती हसली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"बगा की," ती सगळ्यांना म्हणाली, "हितंबी पावडर तशीच. कवा नीट लावायला आली न्हाई हिला."

सगळ्या बायका रडता रडता हसल्या. सासूसुद्धा. त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं : थांब, हात लावू नकोस, ती पावडर माझी आहे. तोंडाशी आलंही होतं. पण सगळे फोटोकडं बघत होते, मग माझ्याकडं बघत होते, आणि दाजी म्हणत होते, "काय बनवलाय पाव्हण्यांनी!" मी काही बोललो नाही.

बहिणीनं फोटो मांडीवर घेतला, पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि गाल पुसला. विचार न करता, हाताला वळण पडलेलं असतं तसा.

गाल निघून आला. खाली पांढरा कागद दिसला. ती घाबरली, आणि बिघडलेलं नीट करायला म्हणून तिनं पदर पुन्हा फिरवला. नाक गेलं. एक डोळा लांब ओढला गेला. तिच्या पदरावर तो सगळा रंग, तपकिरी, काळा, निळा. ती पदराकडं बघायची आणि कागदाकडं बघायची.

सासू म्हणाली, "गेली ती गेलीच. आता पुसूनबी टाकलीस? पोटची पोर ना गं तुजी?"

दाजी माझ्याकडं वळले. "पाव्हणं, ह्ये आसं कसं झालं?"

आणि मी म्हणालो, "मी हिला सांगितलं होतं. पाणी लावू नको म्हणून."

बहिणीनं मान वर केली. मला वाटलं, आता ती म्हणेल, कवा सांगितलंस? तिनं तसं विचारलं असतं तर मी सुटलो असतो. पण तिनं आयुष्यात माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. ती थोडा वेळ आठवत राहिली. न घडलेली गोष्ट आठवत राहिली. मग हळू म्हणाली, "व्हय. दादानं सांगितलं आसंल. माजंच ध्यान न्हवतं."

चौरंगावर शेवटी तो तिकिटाएवढा फोटो तांब्याला टेकवून उभा केला. हार आणला होता मोठ्या फोटोच्या मापाचा. तो घातल्यावर पोरगी दिसेनाशी झाली. म्हणून हार काढून खाली ठेवला.

परतीच्या एसटीत बायको खिडकीकडं तोंड करून बसली होती. कऱ्हाडच्या अलीकडं म्हणाली, "तुमी कवा सांगितलंत तिला?"

मी तिकिटं खिशात नीट ठेवत राहिलो.

"मी तुमच्या शेजारीच हुते. कवा सांगितलंत?"

"आता काय करायचं मग?"

"कऱ्हाडातनं मागारी फिरू. जाऊन सांगा. आत्ता सांगितलंत तर सांगनं होईल. चार दिसांनी सांगितलंत तर नुसती बातमी."

आम्ही साताऱ्याच्या गाडीत बसलो.

त्यानंतर मी कागदाचं सगळं शिकलो. सांगलीला जाऊन चांगल्या दुकानातून फोटोचा कागद आणला. कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावलं की जी बाजू चिकटते ती छापायची, हे शिकलो. छापल्यावर दिवसभर सपाट ठेवायचा, एकावर एक ठेवायचे नाहीत, काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची किनार सोडायची, उन्हासमोर टांगायचा नाही. एक गोष्ट इथंच कबूल करतो. या चांगल्या कागदावर ओला पदर फिरला असता, तरी डाग पडलाच असता. त्या काळची शाईच तशी होती. पण चांगल्या कागदावर पावडर टाकावी लागली नसती. पावडर नसती, तर तिचा हात पदराकडं गेलाच नसता.

दिवाळीनंतर नवा फोटो चौकटीत घालून घेऊन गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. घरात शिरलो तर दाजींनी चार माणसांसमोर माझा हात धरला. "बगा, बहिणीनं घालवलं तरी भावानं पुन्यांदा करून आणलं." माझी वाक्यं तिथंच राहिली.

सासूनं या खेपेला ओळीत लावायला हरकत घेतली नाही. पण बहीणच म्हणाली, "वळीत नगं. वर लावा. दाराच्या वर, पार तुळईला." दाजी म्हणाले, आगं, तितं हात पोचायचा न्हाई. "म्हनूनच," ती म्हणाली. "माज्या हाताचं मला भ्या वाटतंय."

ज्या ओळीसाठी ती वर्षभर भांडली, त्या ओळीत तिनं स्वतः लेकीला लावू दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो होतो, तेव्हा सकाळी अंगणात चहा पीत होतो. बहीण सोप्यात काहीतरी करत होती. बघितलं तर दारामागून तिनं एक लांब काठी काढली होती. काठीच्या टोकाला फडक्याची गुंडाळी बांधलेली. टाचा उंचावून ती फोटोची काच पुसत होती. आधी कपाळ, मग एक गाल, मग दुसरा. काठीच्या टोकाला इतका हलका हात मी कधी पाहिला नाही. मी बघतोय हे कळल्यावर ती दचकली. फडकं पुढं करून मला दाखवत म्हणाली, "कोरडं हाय, दादा. पानी न्हाई लावत आता."

मी फडक्याला हात लावून बघितलं. खरंच कोरडं होतं. "बरं," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. समोर ती, समोर काठी, घरात तिसरं माणूस नव्हतं. त्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही, आणि त्यानंतरची सगळी वर्षं मी ती शोधतोय असं स्वतःलाच सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात बहीण गेली. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात मी आणि दाजी दोघंच बसलो होतो. वरचा फोटो इतक्या वर्षांनी फिका पडलाय. लाली उडून गेलीय आणि चेहरा हिरवट झालाय. काचेवर मात्र धूळ नव्हती. मी दाजींना सगळं सांगितलं. माझा वर्दीतला फोटो दोनदा छापलेला, आर्ट पेपर, पावडरचा डबा, ब्रशला लागलेला रंग. आणि ते वाक्य, जे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

दाजींनी वर फोटोकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिवी देतील. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"तिला सांगायचं हुतं, पाव्हणं," ते म्हणाले. "मला सांगून काय उपेग?"

मग गुडघ्यावर हात टेकून उठले, दारामागची काठी घेतली आणि फोटो पुसायला लागले. त्यांना सवय नव्हती. काठी चौकटीवर आपटत होती.